बाहूवरच्या नावाने न ओळखता येणारी जपानी शिवणयंत्रे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इलिनॉयमध्ये एका घरातील जुन्या सामानाच्या विक्रीत आपल्याला फिरोजी रंगाचे, क्रोमच्या पट्ट्या असलेले एक जड शिवणयंत्र ४० डॉलरला मिळते आहे. त्याच्या बाहूवरील इंग्रजी नावाची कंपनी शोधूनही सापडत नाही आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘मेड इन जपान’ एवढेच लिहिलेले आहे. हे यंत्र कोणत्या कंपनीचे, ते दुर्मीळ आहे का, त्याची योग्य किंमत किती, अशी यंत्रे जमवण्याचा छंद आपल्यासारख्या नवख्या व्यक्तीने धरावा का आणि पुढे ते नाशिकला आईंकडे नेले तर चालेल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे, असे मला वाटते. जुन्या वस्तूचा मान तिच्या नावावर ठरतो, अशी आपली समजूत असते. घड्याळे, कॅमेरे किंवा अगदी सिंगरची शिवणयंत्रे जमवताना ती बऱ्याच अंशी खरीही ठरते. युद्धोत्तर काळातील जपानी शिवणयंत्रांना मात्र ती लागू पडत नाही. तेव्हा नाव बाजूला ठेवून यंत्र कसे वाचावे, हे आधी सांगतो. तेवढे समजले की बाकीचे प्रश्न बरेचसे सुटतात.

माझे वडील सांगलीत शिवणयंत्रांची दुरुस्ती करीत असत, त्यामुळे ही यंत्रे उघडून बसण्याची सवय मला लहानपणापासून आहे. गेली २२ वर्षे मी ओहायोमध्ये जपानी यंत्रे विकत घेतो, दुरुस्त करतो, काही ठेवतो आणि बरीचशी शिवणाऱ्यांना देऊन टाकतो. इथे आल्यावर पहिले जपानी यंत्र मी १५ डॉलरला घेतले, ते उलटे करून पाहिले आणि थक्क झालो. रंग मोटारगाडीसारखा, नाव कुठल्या तरी अमेरिकन दुकानाचे, पण आतली रचना वडिलांच्या दुकानातल्या काळ्या देशी यंत्रासारखीच होती. वडिलांनी दिलेल्या अवजारांच्या डब्यात एक बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी डबी, पडून होती. ती त्या यंत्रात बसली आणि पहिल्याच चिंधीवर टाका नीट आला.

हा योगायोग नव्हता. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जपानमधील शस्त्रास्त्रांचे कारखाने बंद पडले होते, ओतकाम आणि कातकाम जाणणारे कारागीर रिकामे होते आणि देशाला परकीय चलन हवे होते. जुकी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. १९३८ मध्ये टोकियोतील यंत्र उत्पादकांनी एकत्र येऊन ती संस्था उभी केली, युद्धात ती बंदुका बनवीत होती आणि युद्धानंतर घरगुती शिवणयंत्रांकडे वळली. शिवणयंत्राला लोखंडाचे चांगले ओतकाम आणि बारीक मापाचे सुटे भाग लागतात, आणि ही दोन्ही कौशल्ये त्या कारखान्यांकडे आयतीच होती. मात्र प्रत्येक कारखान्याने आपापला नमुना काढला असता तर छोट्या उद्योगांचा निभाव लागला नसता. म्हणून १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारच्या पुढाकाराने घरगुती यंत्राचा एकच प्रमाणित नमुना ठरवण्यात आला. त्याला ‘एचए-१’ म्हणत. त्याचा आधार होता सिंगरचा ‘क्लास १५’, ज्याची मूळ रचना १८७९ मधली असल्यामुळे पेटंटची अडचण उरलेली नव्हती.

नमुना ठरला, मापे ठरली आणि कामाची वाटणी झाली. कोणी फक्त बाहू आणि तळपाट ओतू लागला, कोणी खालचा दोरा गुंतवणारे शटल, कोणी दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या टेन्शनच्या चकत्या, तर कोणी हे सारे विकत घेऊन जोडणी करू लागला. एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या यंत्रात बसत असल्यामुळे खर्च उतरला. महाराष्ट्रातील शिंप्याकडे जाऊन घरगुती यंत्राच्या सुयांचे पाकीट पाहिले तर त्यावर बहुधा ‘एचए×१’ असे छापलेले आढळते. अशा सुईचे हे जपानी नाव अनेक ठिकाणी रूढ झाले आणि आजही टिकून आहे.

आता नावाचा उलगडा होईल. अमेरिकेतील आयातदार, टपालाने माल विकणारे व्यापारी किंवा एखाद्या शहरातले शिवणयंत्रांचे दुकान जपानला मागणी पाठवीत असे आणि हव्या त्या नावाची पट्टी बसवून यंत्रे येत असत. ते नाव इंग्रजी आणि भारदस्त वाटावे, एवढाच हेतू असे. एकाच कारखान्यातील एकसारखी यंत्रे कितीतरी नावांनी विकली गेली आणि एका नावाखाली निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रेही आली. आपल्याला कंपनी सापडत नाही, कारण बहुधा त्या नावाचा कारखाना कधी अस्तित्वातच नव्हता. ‘हे नाव कुठेच आढळत नाही, म्हणून यंत्र दुर्मीळ’ असे म्हणून कोणी ३०० डॉलर मागत असेल, तर तो स्वतः फसलेला आहे किंवा आपल्याला फसवतो आहे.

खरी ओळख तळाशी असते. यंत्र हळूच मागे कलते करून तळपाटाच्या खालची बाजू टॉर्चने पाहावी. ओतीव लोखंडातच ‘जेए’ किंवा ‘जेसी’ ही रोमन अक्षरे आणि त्यांच्यापुढे एखादा आकडा आढळतो. संग्राहकांमध्ये रूढ असलेल्या वाचनानुसार ‘जेए’ हा जोडणी करणाऱ्याचा आणि ‘जेसी’ हा ओतकाम करणाऱ्याचा संकेत आहे. दोन यंत्रांवरची नावे वेगळी पण हे आकडे सारखे असतील, तर ती सख्खी भावंडे समजावीत. मी माझ्या वहीत यंत्रांची नोंद या आकड्यांनी करतो आणि बाहूवरचे नाव कंसात लिहितो.

‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ (ताब्यातील जपानमध्ये बनवलेले) असे लिहिलेले यंत्र मात्र काळाच्या दृष्टीने पक्के सापडते. जपानवरील दोस्त राष्ट्रांचा ताबा २८ एप्रिल १९५२ रोजी संपला, म्हणजे ते यंत्र त्याआधीचे आहे. उलट अनुमान काढू नये, कारण ‘ऑक्युपाइड’ हा शब्द नाही म्हणून यंत्र १९५२ नंतरचेच, असे ठरत नाही. ही यंत्रे बहुधा काळी, सोनेरी नक्षीची आणि फक्त सरळ टाक्याची असतात. आपण वर्णन केलेला फिरोजी रंग आणि क्रोम पाहता आपले यंत्र १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील किंवा त्यानंतरच्या काही वर्षांतील असावे.

काही नावांना मात्र खरोखर अर्थ आहे. ब्रदर ही नागोयाची कंपनी. यासुई कुटुंबाने १९०८ मध्ये शिवणयंत्रांच्या दुरुस्तीचे दुकान काढले, तिथून तिची सुरुवात झाली, आणि १९५४ मध्ये तिने अमेरिकेत स्वतःची विक्री कंपनी उघडली. जानोमे या शब्दाचा अर्थ सापाचा डोळा. जुन्या यंत्रांतील होडीसारख्या लांबट शटलच्या जागी गोल बॉबिन आली, ती तशी दिसते म्हणून हे नाव पडले. या कंपनीने १९६० मध्ये अमेरिकेतील ‘न्यू होम’ ही शिवणयंत्रांची कंपनी विकत घेतली, त्यामुळे त्यानंतरच्या न्यू होम यंत्रांकडे मी जपानी म्हणूनच पाहतो. सीअर्सच्या दुकानांतून विकल्या गेलेल्या केनमोर यंत्रांवर मॉडेल क्रमांकाचे पहिले तीन आकडे बोलके असतात: १५८ म्हणजे मारुझेन ही जपानी कंपनी, ३८५ म्हणजे जानोमे. आपल्या यंत्रावर यांपैकी काहीच नसेल तर हळहळण्याचे कारण नाही. माझ्याकडे असलेले सर्वांत सुरेल चालणारे यंत्र पूर्णपणे निनावी आहे. त्याची पट्टीसुद्धा गळून पडलेली आहे.

आता किमतीविषयी. ती गाव, विक्रेत्याची घाई आणि यंत्राची अवस्था यांवर इतकी अवलंबून असते की ठाम आकडा सांगणे योग्य होणार नाही. मी स्वतः चालू स्थितीतील सरळ टाक्याच्या यंत्राला क्वचितच ६० डॉलरच्या वर दिले आहेत. दुर्मीळ म्हणण्याजोगे मला फार थोडे दिसते. ताब्याच्या काळातील शिक्का असलेले, नक्षी शाबूत राहिलेले आणि मूळ पेटी, पुस्तिका व सुटे पाय यांसह आलेले यंत्र मिळाले तर मी थोडे जास्त मोजतो. रंगासाठी जास्त मोजणारे लोक आहेत आणि त्यांना मी हसत नाही, कारण हिरव्या-क्रीम दोन रंगांच्या एका यंत्रासाठी मीही एकदा दुप्पट पैसे दिले होते. ‘औद्योगिक ताकदीचे’ या विशेषणासाठी मात्र एक पैसाही जास्त देऊ नये. ही लोखंडी घरगुती यंत्रे जीन्सचे चार-पाच थर सहज शिवतात, पण मोटर साधारण १ अँपिअरची असते आणि दिवसभर चामडे शिवण्यासाठी ती बनवलेलीच नाहीत.

विक्रीच्या जागी जाताना मी एक स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, नवी सुई, दोरा भरलेली बॉबिन, बॉबिन केस आणि जीन्सचा तुकडा घेऊन जातो. वीज जोडण्याआधी वायरी वाकवून पाहतो. रबर तडकलेले असेल, आतली तार दिसत असेल किंवा पायाखालच्या नियंत्रकाला जळका वास येत असेल तर प्लग लावतच नाही आणि विक्रेत्यालाही लावू देत नाही. मोटर आणि वायरी सहज बदलता येतात, म्हणून त्या खराब असल्या तरी यंत्र नाकारत नाही, पैसे तेवढे कमी करतो. मग हातचाक माझ्या बाजूला सावकाश फिरवतो. सुईदांडा वर-खाली होताना कुठे अडतो का, कापड सरकवणारे दाते पुढे-मागे सरकतात का, टाका लहान-मोठा करण्याचा दट्ट्या मोकळा आहे का आणि उलटा टाका येतो का, हे पाहतो. चाक मुळीच फिरत नसेल तरी निराश होऊ नये. चाकात अडकलेला जुना दोरा किंवा वाळून राळेसारखे झालेले तेल ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

जे मिळवणे खरोखर अवघड आहे तेच नीट तपासावे. बॉबिन केस नसणे ही किरकोळ बाब आहे, कारण क्लास १५ ची केस आजही सर्वत्र मिळते. एवढेच पाहावे की तिचा बाहेर आलेला खुंट आपल्या यंत्रातील खाचेत बसतो का. काही यंत्रांत ही खाच माथ्याच्या किंचित डावीकडे, तर काहींत उजवीकडे असते. दाबपायही बहुधा आखूड दांडीच्या प्रमाणित मापाचे असल्याने आजचे पाय लागतात. सुईपट्टीवर सुईचे ओरखडे असतील तर ते घासून काढता येतात. पण ओतीव तळपाटाला तडा गेला असेल, सुईदांडा वाकला असेल किंवा नक्षीटाक्यांच्या यंत्रातील कॅम (नक्षी ठरवणाऱ्या चकत्या) हरवले असतील, तर मी सहसा मागे फिरतो.

इथे सरळ टाक्याचे आणि झिगझॅगचे यंत्र यांत फरक करावा लागेल. सरळ टाक्याच्या जुन्या यंत्रात जवळजवळ सगळे लोखंड आणि पोलाद असते, म्हणून नवशिक्याने तिथून सुरुवात करावी. झिगझॅग यंत्रे जास्त उपयोगी आहेत, आणि काज, पिको व ताणले जाणारे कापड यांसाठी तीच सोयीची पडतात, पण १९६० च्या दशकात आणि पुढे त्यांपैकी काहींत प्लॅस्टिकचे किंवा नायलॉनचे गिअर आले. केनमोरच्या १५८ मालिकेतील काही यंत्रांमध्ये कॅम फिरवणारा असा गिअर काळाच्या ओघात तडकतो. सरळ टाका उत्तम येतो, नक्षी मात्र उमटत नाही आणि घरी आल्यावर आपण टेन्शन फिरवत बसतो. म्हणून झिगझॅग यंत्र घेताना वरचे झाकण उघडून प्रत्येक कॅम फिरतो का, हे डोळ्यांनी पाहावे.

जखडलेले यंत्र मोकळे करण्याची माझी पद्धत वडिलांचीच आहे. प्रत्येक सांध्यात रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडायचे, यंत्र रात्रभर तसेच ठेवायचे, दुसऱ्या दिवशी हेअर ड्रायरने सांधे कोमट करायचे आणि चाक फक्त हाताने, जेवढे हलेल तेवढेच हलवायचे. कधी यात चार दिवस जातात. चाकाला पक्कड लावून जोर केला तर आतली एखादी पिन तुटते आणि स्वस्तातले यंत्र महाग पडते. सांधे सुटले की रॉकेल पुसून शिवणयंत्राचे पातळ तेल द्यावे, कारण रॉकेल मळ काढते, वंगण देत नाही. बाहेरचा रंग स्वच्छ करताना मात्र रॉकेल आणि स्पिरिट यांना दूर ठेवावे. सुरुवातीच्या काळात मी एका काळ्या यंत्राची सोनेरी नक्षी स्पिरिटने पुसली आणि कापसाच्या बोळ्यावर सोनेरी डाग उमटलेला पाहून हात थांबेपर्यंत अर्धी वेल नाहीशी झाली होती. ते यंत्र मी विकले नाही. कामाच्या टेबलासमोरच ठेवले आहे. तेव्हापासून नक्षीवर फक्त शिवणयंत्राचे तेल आणि मऊ सुती फडके वापरतो.

शिवताना खाली दोऱ्याचा गुंता होऊ लागला तर यंत्राला दोष देण्याआधी सुई पाहावी. सुईच्या ज्या अंगाला लांब खाच असते त्या अंगाने दोरा आत जातो आणि सपाट अंगाने बाहेर पडतो. हे ध्यानात ठेवले की प्रत्येक यंत्राची पुस्तिका शोधावी लागत नाही. माझ्याकडे ‘बिघडलेली’ म्हणून आलेल्या कित्येक यंत्रांचा आजार उलट्या बसवलेल्या सुईपलीकडे गेला नव्हता.

नाशिकचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे चूक झाली तर यंत्र जळू शकते. अमेरिकेसाठी बनवलेल्या यंत्राची मोटर आणि दिवा ११० ते १२० व्होल्टचे असतात, तर आपल्याकडे भारतात २३० व्होल्टची वीज आहे. प्लगचा आकार बदलणारा साधा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. तो लावून यंत्र सुरू केले तर मोटर जोरात गरगरेल आणि थोड्याच वेळात धूर निघेल. इथली वीज ६० हर्ट्झची आणि तिकडची ५० हर्ट्झची, याची मात्र चिंता नको. या मोटरी ब्रश असलेल्या युनिव्हर्सल जातीच्या असल्याने त्यांना तो फरक जाणवत नाही.

मार्ग तीन आहेत आणि निवड आई यंत्र कसे वापरणार यावर अवलंबून आहे. २३० चे ११० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर घेतला तर यंत्र मूळ रूपात राहते. मोटर आणि दिवा मिळून सुमारे दीडशे वॉट होतात, म्हणून तो किमान ३०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा घ्यावा. पण तो जड असतो आणि घरातील दुसऱ्या कोणी एखाद्या दिवशी विसरून यंत्र सरळ भिंतीतल्या प्लगला जोडले, तर सगळे मुसळ केरात. मी स्वतः दुसरा मार्ग पत्करतो. मूळ मोटर आणि दिवा काढून, कागदात गुंडाळून, पेटीत जपून ठेवायचे आणि आपल्याकडे शिवणयंत्राच्या दुकानांत मिळणारी २३० व्होल्टची छोटी मोटर नियंत्रकासह बसवून घ्यायची. या यंत्रांची मोटर बहुधा बाहेरून एका स्क्रूवर बसवलेली असते, त्यामुळे कारागिराला फारसे अवघड जात नाही. यंत्राचे अंग धातूचे आहे, म्हणून त्याच वेळी अर्थिंगची तिसरी तार जोडून घ्यावी.

तिसरा मार्ग विजेविना आहे आणि आईंना पायमशीनची सवय असेल तर तोच सर्वांत चांगला ठरेल. तळपाट बहुधा क्लास १५ च्याच मापाचा असतो, त्यामुळे आपल्याकडील पायडलच्या टेबलात तो बसण्याची शक्यता मोठी आहे. तरी आधी आईंकडून टेबलाच्या खाचेची लांबी-रुंदी आणि बिजागरीच्या खिट्यांमधले अंतर मोजून मागवावे. हातचाकाला पट्ट्यासाठी पुरेशी रुंद खाच आहे का, तेही पाहावे. हाताने फिरवायचा दांडा लावायचा असेल तर आऱ्यांचे चाक लागते. भरीव चाक असेल तर ते बदलावे लागते.

एक प्रत्यक्षातली अडचणही सांगून ठेवतो. पेटी आणि मोटर काढल्यावर नुसते डोके, म्हणजे मूळ लोखंडी यंत्र, साधारण ११ ते १४ किलो भरते, म्हणजे विमानाच्या २३ किलोच्या बॅगेत ते नेता येते. पण लोखंडाचे ओतकाम जड असले तरी ठिसूळ असते. रिळाची दांडी आणि दिवा काढून घ्यावा, हातचाकाच्या बाजूला घट्ट फोमचा जाड थर द्यावा आणि बॅगेत यंत्र जराही हलणार नाही इतके ते ठासून बसवावे. सुटे फोमचे दाणे भरून पाठवलेले एक यंत्र माझ्याकडे दोन तुकड्यांत पोहोचले होते.

छंदाविषयी सांगायचे तर आपल्याकडे जागा किती आहे, हे मला ठाऊक नाही. एक यंत्र कोपऱ्यात मावते, सहा यंत्रांना खोली लागते, आणि ती चालवली नाहीत तर पुन्हा जखडतात. सुरुवातीला मी दिसेल ते घेत होतो, तेव्हा माझ्याकडे ३१ यंत्रे झाली आणि त्यांतली जवळपास वीस एकाच घराण्यातील निघाली. आता मी तीनच गोष्टी पाहतो: ताब्याच्या काळातील शिक्का, वहीत नसलेला ‘जेए’ किंवा ‘जेसी’ आकडा, आणि माझ्याकडे नसलेली एखादी यांत्रिक करामत, उदाहरणार्थ दाते खाली घेण्याची वेगळी कळ किंवा कॅम बसवण्याची निराळी तऱ्हा. आपली आवड रंगाची असेल तर रंगाप्रमाणे जमवावे; त्यातही काही कमीपणा नाही.

आपल्यासमोरच्या यंत्राचे चाक फिरत असेल, तळपाटाला तडा नसेल आणि वायरी पाहून मगच वीज लावण्याची आपली तयारी असेल, तर ४० डॉलर ही रास्त किंमत आहे. ते झिगझॅग निघाले आणि कॅमही सोबत असले, तर घासाघीस न करता घ्यावे. घरी आणल्यावर तळाचा आकडा आणि हातचाकाचे वर्णन कळवले, तर नाशिकसाठी कोणता मार्ग सोयीचा ते अधिक नेमके सांगता येईल.